मधल्या सुट्टीआधीचा तास

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी नवी मास्तरीण झाले, तेव्हा माझा आवाज जरा वरच्या पट्टीतलाच. पोरी मला घाबरत, पण एकमेकींना टोमणे मारायचं काही सोडत नसत. वैतागून मी शनिवारी मधल्या सुट्टीआधीचा तास पुस्तकं मिटून घ्यायला लागले. एकीनं उभं राहायचं आणि आपल्यासोबत खरंच घडलेलं सांगायचं. ऐकणारीनं टर उडवायची नाही, आणि तात्पर्य तर मुळीच काढायचं नाही. कोणी धामणगावच्या स्टेशनावर हरवलेली, कोणाच्या मागं गोऱ्हा लागलेला. मजा यायची हो त्या तासाला!

त्या वर्षी खेड्यातून एक मुलगी आली. घर एक-दोन वर्षांपूर्वीच बौद्ध झालेलं, वडील इथल्या कचेरीत नोकरीला लागलेले. पोरगी हुशार, पण सुट्टी झाली की डबा घेऊन निंबाखाली भिंतीकडे तोंड करून एकटीच बसायची. "लई भाव खाते," पोरी म्हणत. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटे.

एका शुक्रवारी तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. "पोरीचं मन लागत नाही बाई. अकोल्याले मावशीकडं ठेवतो तिले." मी म्हटलं, सोमवारी या.

शनिवारी मी तिलाच उभं केलं, तेही डाफरून. "काहून गं, आमच्या शाळेत काय काटे आहेत?"

ती घाबरली नाही. "गावच्या शाळेत मी डबा उघडला का बाजूची पोरगी उठून जाये. मंग दुसरी, मंग सगळ्याच. इथंबी तसंच होईन, म्हणून मीच पयले उठून गेली."

"मुलींनो, असं वागू नये" हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण तात्पर्याला बंदी मीच घातलेली. शिवाय मला दुसरंच काही आठवलं होतं. म्हटलं, "आता माझं ऐका. आमच्या गावच्या शाळेतही अशी एक पोरगी होती. तिनं डबा उघडला, तेव्हा सगळ्यांत आधी उठले ती मी. आत्यानं घरून तसं बजावून पाठवलं होतं."

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "मंग तिनं डबा खाल्ला का, बाई?"

"ठाऊक नाही गं. मी मागं पाहिलंच नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घंटा झाली म्हणून सुटले.

टोमण्यांत पहिला नंबर असलेली नांदगाव पेठेकडच्या शेतकऱ्याची पोर निंबाखाली तिच्या शेजारी जाऊन धपकन बसली. न विचारताच तिनं त्या डब्यात हात घातला. "अवं माय! इतकी चांगली अंबाडीची भाजी, अन् एकटीच खाऊन राहिली होती तू?" मग बाकीच्याही जमल्या. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून मी सुट्टी संपेपर्यंत बघत होते. चहा पार निवून गेला, पण इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

सोमवारी वडील आले. दाखल्याचा कागद मी टेबलावर काढून ठेवला होता, पण पेन काही हाती घेववेना. मुलीला बोलावलं. तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मायले सांगा, उद्यापासून दोन भाकरी ज्यादा लागतीन."