साऱ्या पाड्याचा नंबर

शेणव्याजवळच्या त्या पाड्यात लग्नाची भांडी धोंडीबाईच्या कुलपात असत. गेल्या लग्नसराईत कोणीतरी भलत्याच्याच नावावर सगळ्यात मोठा टोप नेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून ती सख्ख्या जावयालाही झारा देईना.

तिची पुतणी काजल शहापूरहून प्रोग्रामिंग शिकून आलेली. तिने लॅपटॉपवर एक सोय लिहिली. भांडी नेणाऱ्याने आपला नंबर सांगायचा, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सहा आकडे जातील, ते पाच मिनिटांत लॅपटॉपवर टाकले की हिरवी खूण. मगच कुलूप उघडायचं. मेसेजखाली तिने हौसेने एक ओळही जोडली: ‘हा कोड कोणालाही सांगू नका.’ महिला मंडळाने बजावलं, पहिल्या लग्नात चाललं तर ठेवू, नाहीतर तो लॅपटॉप मिटायचा.

पहिला आला चांगो. उद्या मुलाची, हरेशची, हळद. त्याने नंबर घडाघडा म्हटला. काजलने बटण दाबलं आणि धोंडीबाईच्या कमरेच्या पिशवीतला मोबाईल किणकिणला.

“काकी, तुझा नंबर?”

“साऱ्या पाड्याचा हाच नंबर हाय,” धोंडीबाई म्हणाली. “रेशनपासून गॅसपर्यंत. रिचार्ज माझाच असतो ना!”

“मग वाचा आकडा, वयनी,” चांगो म्हणाला.

धोंडीबाईने मेसेज वाचला आणि मोबाईल छातीशी धरला. “नाय भावजी. कोणाला सांगू नका, असं लिवलंय.”

“मी काय कोणी हाय?”

“टोप नेला तोबी कोणी नव्हता.”

ओट्यावर बसलेल्या मंडळाच्या बाया पदरात हसू लागल्या. काजलचे कान तापले. आपलीच ओळ आपल्याला नडतेय!

“काका, घरातला दुसरा नंबर?”

हरेश बाजारात, त्याचा फोन लागेना. चांगोने खिशातली चिठ्ठी काढली. होणाऱ्या सुनेचा, दिपिकाचा नंबर. ती मुरबाडकडची. कोड तिकडे गेला. मग चांगोने धोंडीबाईच्याच मोबाईलवरून, स्पीकर लावून, फोन केला.

“बाय गो, आकडा सांग.”

“कोण बोलतंय? असे लय फोन येतात.”

“अगो, तुझा सासरा!”

“सासरे असाल तर सांगा, सुपारीच्या दिवशी माझ्या चहात काय चुकलं होतं?”

काजलच्या पडद्यावर वेळ उलटा सरकत होता. चांगो टोपी सारखी करत पुटपुटला, “साखर नव्हती. पन मी कोणाला बोललो नाय. दुसरा कपबी मागून घेतला.”

पलीकडे हसू फुटलं, मग आकडे आले. चांगोने एकेक मोठ्याने म्हटला, काजलने टाकला. हिरवी खूण उमटली.

धोंडीबाईने कुलूप काढलं. उरलेल्यांतल्या मोठ्या टोपात घरातला साखरेचा डबा ठेवत म्हणाली, “हा सुनेला द्या.” आणि काजलकडे वळून, “चालू दे तुझं. पन ती पोर तुझ्या मशीनपेक्षा हुशार हाय हां!”

बाया पराती मोजायला उठल्या. काजलने तिथेच प्रोग्राममध्ये भर घातली: काकीचा नंबर कोणी दिला तर घ्यायचा नाही. तो टाइप करताना तिला कुठे बघावं लागलं नाही. एव्हाना तिलाही पाठ झाला होता.