फुली असलेली दुर्बीण, नग एक

"पानसे, बंदुकीवर दुर्बीण बसवता येईल का?" दिवेकरांनी विचारलं, तेव्हा मी एका डायमध्ये मान घालून बसलो होतो.

मी मान बाहेर काढली. दिवेकर म्हणजे आमचे पर्सोनेल मॅनेजर. माणसं घेणं, माणसं काढणं आणि कंपनीची सिक्युरिटी, असं सगळं त्यांच्याकडे. टूलरूममध्ये ते वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या पूजेला यायचे आणि पेढा तोंडात पडला की जायचे.

"कसली दुर्बीण?" मी विचारलं.

"ते परचेस बघेल. तुम्ही फक्त बसवायची. आणि खाली एक बॅटरीपण लावायची. चोर आधी दिसला पाहिजे आणि मग टिपता आला पाहिजे."

टूलरूम म्हणजे कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं बनवणारं खातं. मी तिथला फोरमन. आमची कंपनी चिंचवडला मोटारींचे सुटे भाग बनवायची. जे काम कुणालाच जमत नाही ते टूलरूमकडे, असा तिथला अलिखित नियम होता. कँटीनचा बत्ता मोडला, टूलरूम. साहेबांच्या मेव्हण्याच्या फटफटीचा पार्ट मिळत नाही, टूलरूम. बंदूक मात्र पहिल्यांदाच आली होती.

तिच्यामागचं कारण असं. कंपनीतून वस्तू जात होत्या. तांब्याच्या पट्ट्या गेल्या, दोन पितळी व्हॉल्व्ह गेले, सिव्हिल खात्याची यंत्राची एक पेटी गेली. मागच्या कुंपणापासून निगडीकडे त्या काळी नुसता माळ होता, प्राधिकरणाच्या आखणीचे दगड सोडले तर काही नाही. चोर त्या माळावरून येतात, अशी दिवेकरांची पक्की खात्री होती. आणि ते सापडत नाहीत, कारण हवालदार साळव्यांना दिसत नाही, अशी त्याहून पक्की.

साळवे आमचे गेटवरचे मुख्य. फौजेत पंधरा वर्षं काढून आलेला माणूस. मिशी पांढरी, कणा ताठ. कंपनीची तीनशे पंधरा बोअरची रायफल त्यांच्या ताब्यात असायची आणि तिला ते रोज तेलपाणी करायचे. गेटमधून खिळा गेला तरी त्यांच्या रजिस्टरला नोंद. बायको आणि दोन मुली घेऊन कंपनीने दिलेल्या खोलीत राहायचे. नोकरी गेली की खोलीही जाणार होती. दिवेकरांना त्यांच्या जागी एका एजन्सीची माणसं आणायची होती. दुर्बीण देऊनही साळव्यांचा नेम बसला नाही तर त्यांना घरी पाठवायचं, असं ठरलं होतं.

दुर्बिणीसाठी कमिटी बसली. इंडेंट, म्हणजे खरेदीचा मागणीअर्ज, दिवेकरांनीच लिहिला: "आत फुली असलेली दुर्बीण, नग एक." फुली म्हणजे नेम धरायच्या दोन आडव्या-उभ्या रेघा. सिनेमात त्यांनी ती पाहिली होती. परचेसचे नाडकर्णी नियमाचे पक्के. त्यांनी तीन कोटेशनं मागवली. मुंबईच्या दोन बंदूकवाल्यांनी उलट पत्र पाठवून विचारलं, रायफल कुठली, अंतर किती, नेम धरताना डोळा दुर्बिणीपासून किती इंचांवर असतो? पुण्याच्या तिसऱ्याने काहीच विचारलं नाही. त्याचा भाव सगळ्यांत कमी होता. ऑर्डर त्याला गेली.

आठवड्याने दुर्बीण आली. हातभर लांब, पितळी नळी, वरून काळा रंग. मोठ्या साहेबांच्या, म्हणजे वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये सगळ्यांनी ती डोळ्याला लावून पाहिली. केबिन ती केवढी! समोरची भिंत चार पावलांवर. एवढ्या जवळचं त्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसणं शक्यच नव्हतं. आत दिसायचं ते पांढरं धुकं आणि धुक्यात एक फुली.

"एक्सलंट," मोठे साहेब म्हणाले.

"एकदम क्लिअर," दिवेकर म्हणाले.

नाडकर्ण्यांनी चष्म्यावरूनच लावली आणि "इंडेंटप्रमाणे आहे" म्हणाले. मीही पाहिली. फुली सरळ आहे की तिरकी, एवढंच पाहिलं आणि माझ्या कामाला लागलो.

बंदुकीवर दुर्बीण बसवणं वाटतं तितकं सोपं नसतं. गोळी उडाली की बंदूक मागे धक्का देते. त्या धक्क्याने दुर्बीण केसभर जरी हलली, तरी शंभर पावलांवर गोळी वीतभर बाजूला जाते. म्हणून ब्रॅकेट पक्का लागतो. मी पोलादाचा ठोकळा घेतला, त्याला रायफलच्या पाठीवर घट्ट बसेल अशी खाच पाडली आणि दुर्बीण धरायला वर दोन कड्या केल्या. त्या एका रेषेत याव्यात म्हणून तीन दिवस झटलो. शेवटी केसभराचा फरक दाखवणारं डायल लावून पाहिलं, सुई जागची हलली नाही. स्वतःवर इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो.

एकच गोष्ट खटकली. त्या दुर्बिणीतली फुली दिसायला डोळा अगदी चिकटवावा लागत होता. बंदुकीचा धक्का बसला की भुवई फुटणार. मी ट्यूबच्या रबराची एक गादी करून मागे चिकटवली आणि पुढे गेलो. मुंबईवाल्यांनी डोळ्याचे इंच का विचारले होते, ते तेव्हाच कळायला हवं होतं.

बॅटरी तीन सेलची निवडली. ती रायफलच्या नळीखाली होज क्लिपने, म्हणजे पाइप आवळायच्या पट्टीने, आवळली आणि सेल धक्क्याने उडू नयेत म्हणून आत रबर घातलं. भर दुपारी स्टोअरचं शटर खाली ओढून अंधारात ट्रायल घेतली. झोत छान पडला. साळवे मात्र खूश दिसले नाहीत.

"फोरमनसाहेब, अंधारात उजेड माझ्या बंदुकीवर. मंग निशाणा चोर का मी?"

मी हसलो. प्रश्न बिनतोड होता, पण तो इंडेंटमध्ये नव्हता.

दोन दिवसांनी साळवे पुन्हा आले. रायफल रिकामी करून त्यांनी मागच्या माळावर दुर्बीण लावून पाहिली होती. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "साहेब, यातनं मानसं डोक्यावर चालत्यात."

हाताखालची चार माणसं ऐकत होती. मला चेव आला. "हवालदार, ड्यूटीवर येताना काही घेत जाऊ नका," मी म्हणालो. पोरं फिदीफिदी हसली.

साळवे दारूला शिवत नव्हते. बुद्धजयंतीला आमच्या खात्यात खीर वाटणारा माणूस. त्यांनी टाच वळवली आणि गेले. दिवेकरांनाही त्यांनी हेच सांगून पाहिलं होतं, ते मला पुढे कळलं. दिवेकर म्हणाले होते, "दुर्बीण चांगली आहे. आधी डोळे तपासून घ्या." त्यानंतर नोकरीच्या भीतीने त्यांनी तोंड बंद ठेवलं.

ट्रायल शनिवारी सकाळी ठरली. तळवड्याच्या अलीकडे दगडाची एक बंद पडलेली खाण होती. पोलिसांची परवानगी आणली होती. मोठे साहेब, दिवेकर, नाडकर्णी आणि मी, असे साळव्यांना घेऊन जीपमधून गेलो. शंभर पावलांवर लाकडी चौकट उभी केली, तिच्यावर पांढरा कागद, मध्ये काळा गोल. साळवे पोत्यावर रायफल टेकवून आडवे झाले.

पहिली गोळी सुटली. गादीचा फटका साळव्यांच्या भुवईवर बसला. ते हलले नाहीत.

"कुठं लागली?" मी विचारलं.

त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. "यातनं गोलाच्या वर दिसतीया, साहेब. चार बोटं."

मग ब्रॅकेटच्या पुढच्या टोकाखाली पातळ पत्रा घालून नेम खाली आणायचा, हा साधा हिशेब. मी पत्रा घातला. दुसरी गोळी.

"आनखी वर दिसतीया, साहेब."

मी आणखी एक पत्रा घातला. तिसरी गोळी कागदालाच लागली नाही, चौकटीचं लाकूड उडालं.

आम्ही सगळे चालत कागदापाशी गेलो. दोन भोकं होती. दोन्ही गोलाच्या खाली. फुटलेलं लाकूडही खालचंच.

दिवेकरांनी मान हलवली. "बघा साहेब. या माणसाला वर-खालीसुद्धा कळत नाही." आणि खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. ते टाइप होऊन आलं होतं, सही तेवढी बाकी होती. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पानसे, तुमच्या ब्रॅकेटमध्ये काही दोष?"

"ब्रॅकेटमध्ये नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण त्या खऱ्या वाक्याने साळव्यांची नोकरी जात होती, हेही मला तिथल्या तिथे कळलं. ब्रॅकेट चांगला, दुर्बीण क्लिअर, मग उरलं काय? म्हाताऱ्याचे डोळे.

साळवे मागे ताठ उभे होते. भुवईवर टेंगूळ आलं होतं. ते दिवेकरांशी नाही, माझ्याशी बोलले. "फोरमनसाहेब, माझं डोळं न्हाई गेलं. तुमी एकडाव बघा. मंग काय म्हनाल ते कबूल हाय."

मी पोत्यावर आडवा झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दुर्बिणीतून बाहेरचं जग पाहिलं. वर जमीन होती, खाली आभाळ. चौकटीचे पाय वर गेले होते. काळा गोल तेवढा शहाण्यासारखा होता तसाच होता, गोलाला कुठलं डोकं आणि कुठले पाय! खाणीच्या तोंडाशी सुरुंगाची जुनी पाटी होती. तिच्यावरचा 'धोका' शीर्षासन करून उभा होता.

मला लाज वाटली. तीन दिवस मी ती नळी शतांश मिलिमीटरपर्यंत मोजली होती. तिच्यातून एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं. आणि ज्याने पाहिलं त्याला चारचौघांत दारुड्या ठरवून मोकळा झालो होतो.

"साहेब, हवालदार बरोबर आहेत," मी उठून म्हणालो. "हिच्यात सगळं उलटं दिसतं. खाली लागलेली गोळी वर दिसते. मी पत्रे उलटे घातले."

मोठ्या साहेबांनी सूट घातला होता, तरी ते पोत्यावर आडवे झाले. बराच वेळ पाहत राहिले. मग उठून गुडघे झटकले आणि म्हणाले, "हे काढा."

मी ब्रॅकेट सोडला. साळव्यांनी नुसत्या रायफलीवर, तिच्या स्वतःच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या खुंटीवर, नेम धरून तीन गोळ्या मारल्या. तिन्ही काळ्या गोलात. दिवेकरांचं पत्र त्यांच्या हातातच होतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुर्बीण पोत्यात गुंडाळताना मला दिसलं, की माझ्या कड्यांनी तिचा काळा रंग खरवडला गेला होता. खाली पितळ, आणि पितळावर ठोकलेला नंबर. आमच्याच कंपनीचा. सिव्हिल खात्याचा.

कुंपणावरून गेली म्हणून जिचा बोभाटा झाला होता, त्या पेटीतली ही दुर्बीण. जमिनीची पातळी मोजायच्या यंत्राची. त्या जुन्या यंत्रांत चित्र उलटंच दिसायचं. मोजणाऱ्यांना त्याची सवय असते, त्यांच्या पट्टीवरचे आकडेही मुद्दाम उलटे काढलेले असतात. फुली मात्र असते. म्हणजे आमची वस्तू आमच्याकडून गेली, पुण्याच्या त्या तिसऱ्याकडून काळा रंग लावून आली आणि आम्ही ती तीन कोटेशनं मागवून घरात घेतली.

"ही कंपनीतून बाहेर गेली कशी?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"कुंपणावरून," दिवेकर म्हणाले.

"न्हाई साहेब," साळवे म्हणाले. "गेटातनं."

परत येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पान शोधायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. 'लाकडी पेटी एक, आत पितळी नळी, भंगार.' त्या नोंदीला टाचलेला गेटपास होता. गेटपास म्हणजे माल बाहेर न्यायची लेखी परवानगी. खाली सही दिवेकरांची.

"मी इचारलं व्हतं साहेबास्नी," साळवे म्हणाले. "पेटी चांगली दिसतीया, भंगार कशी? तर म्हनाले, सही हाय न्हवं? जाऊ द्या."

तांब्याच्या पट्ट्या आणि व्हॉल्व्हही त्याच पानाच्या मागेपुढे सापडले. भंगारवाल्याचा माणूस गेटपासचा गठ्ठा घेऊन यायचा आणि दिवेकर फोनवर बोलता बोलता सह्या करायचे. त्यांनी चोरी केली नव्हती, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगतो. त्यांनी फक्त पाहिलं नव्हतं. आंधळं दळत होतं आणि पीठ भंगारवाला नेत होता. आणि एवढे दिवस आम्ही रायफल रोखून होतो ती निगडीच्या माळावर.

भंगारवाला बदलला. साळवे राहिले, खोलीही राहिली. मी गेटवर जाऊन त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, साहेब. आडवं पडून बघितलंत, झालं." ट्रायलचा रिपोर्ट दिवेकरांनीच लिहिला. त्यात होतं, "चाचणी समाधानकारक. चाचणीदरम्यान हरवलेलं एक यंत्र मिळालं." खाली आम्हा चौघांच्या सह्या. मीही केली, पण त्या वेळी वाचून केली.

दुर्बीण सिव्हिलकडे परत गेली. माझा ब्रॅकेट टूलरूमच्या कपाटात कित्येक वर्षं पेपरवेट म्हणून होता. बॅटरी तेवढी साळव्यांनी मागून घेतली आणि गेटच्या टेबलावर होज क्लिपनेच बसवली, झोत खाली, कागदावर. पुढच्या तीन वर्षांत त्या उजेडात त्यांनी एकही चोर पकडला नाही. सह्या मात्र पुष्कळ पकडल्या.