उजवीकडून गुंडाळलेली टेप

दहा दिवसांनी एकदा नळ येतो अशा गावात गळकी टाकी काय चीज असते, ते मी आज रंगवून सांगू शकतो. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून शिव्याच निघत होत्या.

गच्चीवरच्या आमच्या प्लास्टिकच्या टाकीला तळाशी, तोटी जोडायला, एक पितळी निप्पल आहे. बोटभर लांब, दोन्ही टोकांना आटे. त्या आट्यांतून पाणी पाझरायचं. मागच्या पाळीचं पाणी सातव्या दिवशीच संपलं होतं आणि त्या दुपारी नळ येणार होता. बायकोने सकाळीच निकाल वाचून दाखवला.

"आवो, आज टाकी गळली ना, तर दहा दिवस वावरातल्या विहिरीवरून कॅनीनं पानी तुम्हीच आनसान. कंबर दुखते म्हनून मले सांगू नका."

वावर गावाबाहेर, पार देऊळघाटच्या पलीकडे. आणि कंबर खरंच दुखते.

मी हार्डवेअरच्या दुकानात धावलो. "आटे गळतात, काय लावू?" एवढंच विचारलं.

दुकानदार म्हणाला, "टाकी प्लास्टिकची हाय ना भाऊ? मंग सफेद टेप. दुसरं काईच नाई."

बाकावर चहा पीत एक काका बसले होते. उभा जन्म त्यांनी हातपंप दुरुस्त करण्यात घालवला होता. त्यांनी कप खाली ठेवला. "टेप? हाट! टेप म्हंजे रिबीन. पोरीच्या वेनीले बांध. सूत गुंडाय, वरून सफेदा थोप. माह्या हातचे पंप अजून कोरडे हाईत."

"काका, ते लोखंड होतं," दुकानदार म्हणाला. "सूत फुगते. प्लास्टिक उलते त्यानं."

"लोखंड असो का प्लास्टिक, पानी तर तेच होतं ना बे?"

पाणी तेच होतं! या युक्तिवादापुढे मी जागच्या जागी लोटांगण घातलं. तागाच्या सुताची लडी, लोण्यासारख्या पांढऱ्या सफेद्याचा डबा आणि टेपची रिळं, सगळंच घेऊन आलो.

गच्चीवर बसून निप्पल काढला, त्यावर आधी टेप गुंडाळली, तिच्यावर सूत, सुतावर सफेदा. निप्पल ठेचाळलेल्या अंगठ्याएवढा झाला आणि टाकीच्या भोकात शिरेचना. मग सगळं सोलून काढलं, रॉकेलने धुतलं. सफेदा कोपरापर्यंत, कपाळावर, एका मिशीवर. दुसरी मिशी काळीच.

आता नुसती टेप. निप्पल हातात धरला आणि उजवीकडून गुंडाळायला सुरुवात केली, कारण आमच्या घरात शुभ काम डावीकडून होत नाही. पण निप्पल टाकीत फिरवू लागलो तशी टेप शेवईसारखी बाहेर यायला लागली. पुन्हा गुंडाळली. पुन्हा शेवया. तिसऱ्यांदा मी टेपला, दुकानदाराला आणि काकांच्या एकूण एक हातपंपांना अशा शिव्या घातल्या, की शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या वहिनी पापड तसेच टाकून खाली गेल्या.

आवाज ऐकून बायको वर आली. ती ब्लाऊज शिवते. धागा कुठून सुटतो, हे तिला कळतं. "कोनीकडून गुंडायली?"

"उजवीकडून. प्रदक्षिणेसारखी."

"धरला कसा होता?"

मी धरून दाखवला. टाकीत जाणारं टोक टाकीकडे, माझ्याकडे त्याची पाठ.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "आवो, वरून पाह्यलं तं उजवी असते, तेच खालून पाह्यलं तं डावी. ज्या तोंडानं आत जाते, ते तोंड आपल्याकडं करा, मंग घाला तुमची प्रदक्षिणा. देवाच्या पाठीमांगून फिरून राह्यले अन् म्हनता देव पावत नाई!"

तिनेच टेप गुंडाळली, ताणून, मोजून बारा वेढे. निप्पल हातानेच घट्ट बसवला, तोटी लावून बंद केली. "पाना लावू नका," म्हणाली आणि खाली गेली.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, नळ आले! खाली मोटर सुरू झाली. टाकी पाव भरली, अर्धी भरली. मी निप्पलखाली तळहात धरून बसलो होतो. थेंब नाही. तळहात कोरडा ठणठणीत.

इथे शहाणा माणूस खाली उतरतो. पण बारा वेढे तिचे, प्रदक्षिणा तिची, मग माझं काय? नुसती खात्री म्हणून मी पाना लावला आणि अर्धा आटा आवळला.

कट्.

आवाज एवढासाच होता. टाकीच्या बुडाला केसाएवढी चीर गेली, मग बोटाएवढी, आणि अर्धी टाकी माझ्या मांडीवरून, सुतावरून, सफेद्याच्या डब्यावरून, शेजारच्या पापडांच्या दिशेने निघाली.

बायको जिन्यात आली. माझ्या हातातला पाना तिने पाहिला. खाली जाऊन मोटर बंद केली, नळाची नळी ड्रममध्ये सोडली, मग बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून घेतला. सगळं भरून झाल्यावर पदराला हात पुसत म्हणाली,

"दोन कॅनी हाईत घरात. एकीचं झाकन ढिलं हाय. तिले टेप गुंडायत बसू नका."