तीन बोटं भुकटी

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता विसरलो, पण चिमूटभर पिवळी भुकटी पेटते की नाही हे बघत एका तापलेल्या पत्र्यासमोर बसून काढलेला तो दिवस अजून लख्ख आठवतो.

मी तेव्हा शिरोळकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत पिकांवर फवारायचं बुरशीनाशक बनवणारा एक लहान कारखाना होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, तिथल्या एक नंबरच्या ड्रायरला आग लागली. ड्रायर म्हणजे ओली भुकटी वाळवायचं यंत्र. ती विझवायला धावत आलेल्या एका तरुण कामगाराचे दोन्ही हात भाजले. आम्ही पंचनामा केला, राखेचे आणि पोत्यातल्या भुकटीचे नमुने घेतले आणि ठाण्यावर परतलो. तासाभरातच निनावी फोन आला. ड्रायर चालवणारे चाचा आगीचं काय बोलले होते ते त्यांनाच विचारा, एवढंच बोलून फोन ठेवला.

चाचा पन्नाशी ओलांडलेले, वीस वर्षं त्याच यंत्रावर. मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली होती आणि मालकाने ती नाकारली होती. तेव्हा चाचा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हितं आग लागली तरी मी येणार न्हाय." हे दहा माणसांनी ऐकलं होतं. आग लागली तेव्हा ड्रायरजवळ ते एकटेच होते आणि खिशात बिडीबंडल, काडेपेटी. येत्या रविवारी मुलाकडची माणसं शहरातल्या मंगळवार पेठेतून यायची होती. बाप कोठडीत दिसला असता तर ती माणसं आल्या पावली परत गेली असती.

मी त्यांना दोन दिवस चौकशीला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस तपशील जास्त देतो, हा माझा अनुभव. चाचा तपशीलच देत नव्हते. बोललो ते खरं, बिडी फाटकाबाहेरच ओढतो, आग कशी लागली ठाऊक नाही, एवढंच. मला त्यांचा रागही येत होता आणि विश्वासही बसत होता. अशा वेळी अधिकाऱ्याने कागदावर भिस्त ठेवावी, म्हणून मी प्रयोगशाळेला विचारलं, की ड्रायरला गरम हवा नेणाऱ्या पाइपावर पडून ही भुकटी आपोआप पेटू शकते का? पाइपाचं तापमान कळवलं. उत्तर आलं, नाही. तेवढ्या तापलेल्या पत्र्यावर बोटाच्या पेराहून पातळ थर पसरून पाहिला, पेटला नाही. मग उरला माणूस. अटकेचे कागद तयार करायला मी हवालदारांना सांगितलं.

सही करण्याआधी मी चाचांना शेवटचं बसवलं. आगीचं विचारून दोघेही कंटाळलो होतो, म्हणून खंडेनवमीला काय केलं ते विचारलं. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, आदल्या दिवशी सगळे झटून साफसफाई करतात. चाचांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "एक कण ठेवला न्हाय साहेब. कॉम्प्रेसरची नळी लावून समदं फुकून काढलं. दरसाली मीच काढतो."

"फुंकलेलं गेलं कुठं?" मी विचारलं.

खरंच त्यांनी कधी विचार केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

मी तसाच कारखान्यात गेलो. दोन नंबरचा ड्रायर त्या दिवशी सुरूच केला नव्हता, त्यामुळे जसाच्या तसा होता. खाली यंत्र आरशासारखं चकचकीत, त्यावर सुकलेला झेंडूचा हार. शिडी लावून वर चढलो. छताजवळच्या गरम हवेच्या पाइपाच्या पाठीवर भुकटी साचली होती. बोटं लावून मोजली, तीन बोटं भरली. सालोसाल फुंकलेलं सगळं तिथं जाऊन बसलं होतं. पंचनाम्याच्या दिवशी मी एक नंबरच्या अशाच पाइपाखाली उभा होतो आणि मान वर केली नव्हती.

ती भुकटी घेऊन मी स्वतः प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या मॅडमनी तापमान तेच ठेवलं, थर तेवढा तीन बोटांचा केला आणि मधोमध तापमापकाची तार खोचली. पातळ थरातली ऊब उडून जाते, जाड थर दुलईसारखी ती धरून ठेवतो, असं त्या म्हणाल्या. पहिला तास काही नाही. दुसऱ्या तासाला चहा झाला. तिसऱ्या तासाला आकडा पत्र्याच्या तापमानाला येऊन मिळाला आणि थांबायच्या ऐवजी पुढे सरकला. पत्रा तेवढाच होता, भुकटी स्वतःच तापत होती. मी खुर्ची पुढे ओढली. कडा तपकिरी झाली, धुराची बारीक रेघ उठली आणि आत लाल ठिणगी दिसली. एक नंबरच्या पाइपावरचा असाच थर धुमसत खाली ड्रायरवर पडला असणार. ड्रायर सकाळी सुरू झाला आणि आग दुपारी का लागली, हेही त्यात उलगडलं.

निनावी खबर खोटी नव्हती. चाचा तसं बोलले होतेच, फक्त त्या बोलण्याचा आगीशी काही संबंध नव्हता. धूळ ओढून घेणारं यंत्र न ठेवल्याबद्दल कारखान्याविरुद्ध अहवाल गेला. अटकेचे कागद मी फाडले आणि शनिवारी सकाळी चाचांना बोलावून सगळं समजावून सांगितलं. वाटलं होतं, ते सुटकेचा श्वास टाकतील. ते आपल्या हातांकडे बघू लागले.

"म्हंजे त्या पोराचे हात माझ्यामुळंच भाजले की साहेब."

कायद्याच्या भाषेत माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दिलं नाही. एवढंच म्हणालो, की वर तुम्ही बघितलं नाही, तसं मीही बघितलं नव्हतं, आणि मी तर तुम्हाला आत टाकायला निघालो होतो. उद्या पाहुणे यायचेत, घरी जा.

ते गेले, पण वाटेत आधी दवाखान्यात गेले, असं नंतर कळलं. पुढे निवृत्तीपर्यंत दर खंडेनवमीला ठाण्यातल्या रायफली पुसून मांडल्या, की मी स्टूल मागवायचो आणि कपाटांच्या माथ्यावरून हात फिरवायचो. शिपाई मागे हसायचे. माझा हात मात्र दरवेळी काळा होऊनच खाली यायचा.