साडूचा जपानी पेशंट

माझ्या साडूइतका दुसऱ्याच्या दुखण्यात जीव अडकवून बसणारा माणूस अख्ख्या कुवेतात झाला नाही, आणि या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये. बनेद अल-गारला एका इमारतीचा तो हारिस, म्हणजे राखणदार. पण राखायचा कमी, नाडी बघायचा जास्त. लिफ्टमध्ये कोणी शिंकलं की तिसरा मजला यायच्या आत आल्याचा काढा सांगून मोकळा. लोक त्याला बघितलं की फोन कानाला लावत. मी रोज रात्री दही खातो म्हणून मला तर त्याने कायमचा वाया गेलेला धरला होता. मग मीही त्याच्यासमोर मुद्दाम वाटीभर खायचो.

या माणसाला मोबाइलवर एक जपानी फुटबॉलवाला सापडला. खेळणं कधीच सोडलेला. आता तो मुळे उपटतो, मांजराला मासळी भरवतो, आणि तेवढं बघायला लाखो लोक जमून खाली लाल बदाम चिकटवतात. मी म्हटलं, चेंडूला पाय लावत नाही त्याचं एवढं कौतुक कशाला? साडू म्हणाला, "साडूभाऊ, खेळायचा तेव्हा लोक पायाकडे बघत. आता तोंडाकडे बघतात." मी चौथीत शाळा सोडली, पण एखादी गोष्ट न पटायला चौथी पुरते. तरी त्याच्या शेजारी बसून बघायचो. मांजर चांगलं होतं.

एक दिवस तो जपानी लंगडताना दिसला. साडूच्या जिवाला घोर लागला. फोनपुढे तोंड धरून त्याने चक्क मराठीत निरोप बोलून धाडला, की एरंडाचं पान कोमट करून गुडघ्याला बांधा आणि रात्रीचं दही बंद करा. लाखो जपानी मजकुरांत हे आमचं एरंडाचं पान. फोन सगळं त्यांच्या भाषेत करून देतो, असं त्याचं म्हणणं. उत्तर काही येईना. तेवढ्यात साडूच्या कंपनीने त्याला सांगितलं, वय झालं, शुक्रवारच्या विमानाने घरी जा. कायमचं. नोकरीचं त्याने मनाला लावून घेतलं नाही. म्हणाला, "अख्खी बिल्डिंग तपासली, साडूभाऊ, ऐकलं कोणीच नाही. एकानं ऐकलंन एवढं कळलं की सुखानं विमानात बसेन."

गुरुवारी संध्याकाळी तो मिरकाबला माझ्या शिंपीकामाच्या दुकानात धावत आला. फोनमध्ये तो जपानी माणूस पँट दुमडून मुळे उपटत होता आणि गुडघ्यावर हिरवं काहीतरी होतं.

"बघा, बांधलंन."

मी बघितलं. उभी हयात कापडात गेली माझी. कडेची दुहेरी शिलाईसुद्धा दिसत होती. पान कसलं, दुकानात मिळणारा लवचीक पट्टा होता तो. कुवेती गिऱ्हाइकाला त्याच्या पायघोळ दिशदाशाचं माप त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं तोंडावर सांगणारा माणूस मी. साडू माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नीट बांधलंय," मी म्हटलं. "गाठ मागं घेतलीय, म्हणून दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी तो गेला. विमानतळावर सामान उचलणाऱ्यालाही त्याने कंबरेचा उपाय सांगितला म्हणे.

आता त्या जपान्याला मी एकटाच बघतो. सरळ चालायला लागलाय. मी दही रोज रात्री खातो, अगदी निवांत, कोणी अडवत नाही. पण हल्ली त्याला चव लागत नाही. दूधवाला बदलून बघितला.