विरजणाची वाटी

"उद्या सकाळी तुमची वाट कोन पाह्यते?" रोग्याची नाडी धरून आमच्या डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न हाच विचारायच्या. पोट दुखतं म्हणून आलेला माणूस गोंधळून जायचा. उत्तर मिळेपर्यंत मनगट काही सुटायचं नाही.

आंजी गावच्या दवाखान्यात मी त्यांचा कंपाउंडर होतो. बांगलादेशच्या लढाईत बाईंनी सीमेवर निर्वासितांच्या छावणीत काम केलं होतं. हा प्रश्न त्या तिथूनच घेऊन आल्या. "सारं गमावलेल्या माणसाले गोळी देऊन झोपवता येते, भाऊ. उठवाले कारण लागते," म्हणायच्या.

शेफालीमावशी त्याच लढाईत नवरा आणि मुलं गमावून गावात भाच्याकडे आली होती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवणखाण सुटत चाललेलं. बाई घरी जाऊन तिच्या खाटेशी बसल्या, प्रश्न विचारला. ती एवढंच म्हणाली, "कोई नहीं."

बाईंनी धीरबीर काही दिला नाही. म्हणाल्या, "माझं दही बिघडलं. उद्या विरजण आणून देजा." विरजणाला कोणी नाही म्हणतं का, तुम्हीच सांगा! तरी पहिले काही दिवस बाई दवाखान्याच्या पायरीवर तिची वाट बघत नुसत्याच बसून राहिल्या. मग एका सकाळी पदराखाली वाटी झाकून मावशी आली.

तेव्हापासून बाईंचं दही रोज संपू लागलं. ताक करून रांगेतल्या लोकांना पाजायच्या आणि भांडं घासून कोरडं करायच्या. मला काय ठाऊक! मी आपला शहाणपणा करून घरून विरजण नेलं. बाई अशा भडकल्या, बाप्पा! "काऊन आणलं? आता ते माय कायले उठन?" माझ्यादेखत त्यांनी ते मांजरापुढे ओतलं.

एकदा धीर करून मी विचारलं, "अन् बाई, तुमची वाट कोन पाह्यते?"

बाईंनी ताकाचं भांडं घासायला घेतलं. त्यांच्या घरी कधी पाहुणा आलेला मी पाहिला नव्हता. "मावशी येते ना सकाळी," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

एका हिवाळ्यात बाईंना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्या परतल्या नाहीत. बाई वारल्याच्या दुसऱ्या सकाळी मी दवाखान्याचं कुलूप उघडायला गेलो तर पायरीवर मावशी, मांडीवर वाटी. तिला कळलं होतं.

"अब किसको दूँ?" तिने विचारलं.

आमच्या घरी दह्याचं गाडगं काठोकाठ भरलेलं होतं. "आमचं दही बिघडलं, मावशी," मी म्हणालो. "मले द्या. उद्याही आणजा."

तिने पदराने वाटीचा काठ पुसला. मग वाटी माझ्या हातात दिली.

घरी जाऊन मी भरलेलं गाडगं मांजरापुढे ओतलं. बायको ओरडत होती. मी ते घासून कोरडं करून ठेवलं.