पाईनचा पट्टा

भिंगारच्या आमच्या सॉमिलमध्ये ऑफिसच्या दाराशेजारी एक मोठा खिळा आहे. त्याला तीन वर्षं एक पट्टा टांगलेला होता. पट्टा म्हणजे लाकूड कापायच्या मशीनचं पातं: लांबच लांब, दोन्ही टोकं जोडलेली, एका काठाला दात. चाकांवर चढवला की फिरतो, उतरवला की वेटोळी करून टांगायचा. बाकीचे पट्टे मागच्या भिंतीला असत आणि रोज चढत-उतरत. या एकाला हात लावायचा नाही, असं मी मिस्तरीला बजावून ठेवलं होतं. दर खंडेनवमीला मी त्याच्या दातांना ओलं हळदीकुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे. नवरा गेलेल्या बाईनं कुंकवाला हात लावावा का, असं एका शेजारणीनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "पट्टा सवाष्ण आहे, तुम्ही काळजी करू नका." ती परत आली नाही. बरंच झालं.

ह्यांनी धार लावलेला तो शेवटचा पट्टा होता.

धार लावणं हे आमचं दोघांचं काम. ग्राइंडरपाशी हे बसायचे, पलीकडे स्टुलावर मी. एक दात घासून झाला की हे "हं" म्हणायचे आणि मी पट्टा एक दात पुढे सरकवायचे. पुन्हा "हं". एका पट्ट्याला शंभरावर 'हं' व्हायचे. सकाळी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी हे काम थांबत नसे, 'हं' तेवढा जरा तुटक यायचा. आम्ही एकमेकांशी फार गोड बोललो असं काही नाही. पण त्या एका हुंकारावरून मला कळायचं, आज भूक लागलीय, आज कंबर दुखतेय, आज स्वारी खुशीत आहे. हल्ली घरी मी दिवसभर टीव्ही चालू ठेवते. त्यात माणसं सारखी बोलत असतात, पण माझ्याशी कुणी बोलत नाही.

आमच्याकडे पूर्वी बाभूळ, कडुलिंब, निलगिरी यायची. मग कारखान्यांना मशिनरी पॅक करायला खोकी लागू लागली आणि बंदरावरून परदेशी पाईनचे ओंडके यायला लागले. पाईन मऊ, नखानंसुद्धा ओरखडा उठतो. म्हणूनच माणूस फसतो. त्या मऊ लाकडात मध्येच दगडासारख्या गाठी असतात आणि अंगभर चिकट राळ. जवळजवळ दातांचा पट्टा लावला तर ओला भुसा दातांमध्ये कोंबला जातो, पट्टा तापतो, वाट सोडतो आणि फळी पापडासारखी वेडीवाकडी निघते. विरळ दातांचा लावला तर मऊ भागात सुसाट जातो आणि गाठ लागली की दात रुततात. ह्यांनी पहिल्या दोन गाड्यांतच हे ओळखलं. विरळ दातांचा पट्टा घेतला, पुढे झुकलेले दात घासून जरा उभे केले, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे असे नेहमीपेक्षा थोडे जास्त वळवले, म्हणजे राळेनं पट्टा आवळला जाणार नाही. दोन दुपारी मी पट्टा सरकवत बसले होते. शेवटचा 'हं' झाल्यावर तो खिळ्याला अडकवून म्हणाले, "हा पाईनचा. उद्या चढवू."

त्या पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

पाईनचं काम दुसऱ्या मिलकडे गेलं. यंदा संक्रांतीनंतर पाईन देणारा तोच कारखाना परत आला, आणि मी हावरटासारखं हो म्हटलं, कारण बाकी काम जवळजवळ संपलं होतं. कोणता पट्टा लावायचा हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे कबूल केलेलं बरं. तरी मी मिस्तरीला मागच्या भिंतीवरचे पट्टे एकेक करून चढवायला लावले, राळ सुटावी म्हणून वरून डिझेलचे थेंब सोडायला लावले, ओंडके फिरवून बघायला लावले. दोन खेपा फळ्या परत आल्या. कारखान्याचा माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "शनिवारपर्यंत सरळ फळ्या द्या, नाहीतर ओंडके उचलतो."

ओंडके गेले की मिल बंद, आणि मिल बंद झाली की मी पुण्याला लेकीच्या आठव्या मजल्यावर. तिनं खोली तयारच ठेवली आहे. "आई, एकटी किती दिवस राहणार?" असं ती दर रविवारी विचारते. पोरगी मायेची आहे, पण तिथे सकाळी नऊनंतर मी, फ्रिज आणि गॅलरीतली तुळस. इथे निदान कुणीतरी येऊन "साडेतीन इंची फळी आहे का?" एवढं तरी विचारतं.

शुक्रवारी मिस्तरी समोर येऊन उभा राहिला. तो पाथर्डीकडचा, ह्यांच्याबरोबर आयुष्य काढलेला.

"वैनी, रागवू नका. समदे पट्टे लावून बघितले. आता त्यो एकच ऱ्हायलाय."

"नाही."

"दादांनी त्यो पाईनसाठीच केल्ता. भिताडाला लावायला न्हाई."

मी चिडले, नाही नाही ते बोलले. तो मान खाली घालून जेवायला घरी गेला. त्याला कसं सांगणार? पट्ट्याची धार टिकते चार तास, फार तर पाच. मग घासावीच लागते. ह्यांच्या हातचं या जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते मी चार तासांत खोक्यांच्या फळ्यांवर संपवायचं होतं.

मिल रिकामी होती. मी स्टूल घेतलं आणि पट्टा खाली काढला.

कुंकू पुसलं तर ते निघेना. नखानं खरवडलं, तेव्हा खाली तांबूस खड्डे दिसले. जिथे जिथे माझं ओलं बोट टेकलं होतं, तिथे तिथे दात गंजला होता. तीन खंडेनवम्या मी ह्यांची धार माझ्याच हातानं खात होते. एकही फळी न कापता ती गेली होती. मी जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायचीही गरज नव्हती.

मग उठले. थोडेच दात गंजलेले असले तरी चालत नाही. एक दात कमी केला की बाकीच्यांनाही त्याच्या पातळीवर आणावं लागतं. ग्राइंडर लावला आणि ह्यांच्या जागी बसले. दाताचा तिरपेपणा मला ठाऊक होता, इतकी वर्षं समोरून बघितला होता. पहिला दात घासला आणि तोंडातून आपोआप "हं" निघालं. पट्टा जागचा हलला नाही. पलीकडचं स्टूल रिकामं होतं. मी उठले, पलीकडे गेले, एक दात सरकवला, परत येऊन बसले. इकडून हात लांबवला असता तरी चाललं असतं, पण सगळे दात मी असेच केले.

मिस्तरी दुपार कलल्यावर परत आला तेव्हा पट्टा चाकांवर चढलेला होता. त्यानं रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. ओंडका लावला. गाठ आली, आवाज थोडा जड झाला, पट्टा वाटेवरून हलला नाही. पहिली फळी त्यानं डोळ्याशी धरली आणि त्याचा चेहरा उजळला.

"एकदम सरळ! वैनी, दादांची धार हाय ही. तीन वर्सांनी बी बघा!"

"हं," मी म्हटलं.